अंगात खाज पाहिजे

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

अध्यक्ष गुरुजी, चिटणीस आणि एवढ्या थंडीत कानटोप्या घालून आलेली मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'गोचिडाच्या चाव्याला शरीर प्रतिकार कसा उभारते'. मी चिटणीसांना सांगितलं होतं, विषयाचं नाव 'खाज' एवढंच ठेवा. ते म्हणाले, डॉक्टर, पत्रिका घरोघर जाते, लोक काय म्हणतील? म्हणून हा सभ्य मथळा. पण बोलणार मी खाजेवरच आहे, ते आत्ताच सांगून टाकतो.

आपल्याकडं कुणी नसत्या भानगडीत पडला की म्हणतात, ह्याला लई खाज हाय. निवृत्त झाल्यावर घरी बसायचं सोडून जो भाषणं देत फिरतो, त्यालाही म्हणत असतील. माझी तक्रार नाही. माझं म्हणणं असं की अंगात खाज पाहिजेच. तीस-बत्तीस वर्षं गुरांच्या शेपट्या वर करून बघितल्यावर मी ह्या मताला आलोय. ज्या जनावराला खाजत नाही ते गोचिडाचं जेवणाचं ताट. आणि आपण काय करतो? खाज सुटली की पहिल्यांदा ती मारायचं मलम शोधतो.

आता हे मी कुठं शिकलो? पुस्तकात नाही. माझ्याच कानामागं शिकलो. ती हकिगत सांगतो, पाच मिनिटांत संपवतो. (मागून: "मागच्या वर्षी पण पाच मिनिटंच म्हणाला होता!") होय की, खरं ह्यावेळी घड्याळ समोर ठेवलंय.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. जांबोटीच्या पुढं रानाकडेच्या एका वाडीत म्हैस अडली होती, तिथं रात्र काढली. गोठ्यातच पडलो, पेंढ्यावर. म्हैस मोकळी झाली, रेडकू जगलं, मी खूश होऊन घरी आलो. तीन-चार दिवसांनी दाढी करताना उजव्या कानामागं बोटाला काहीतरी लागलं. तिळाएवढं. दुखत नाही, खाजत नाही, काही नाही. म्हटलं असेल फोड. दुसऱ्या दिवशी मुगाएवढं. आरशात दिसेना, कानामागचं कुणाला दिसतं? तेव्हा लग्न झालं नव्हतं, नाहीतर त्याच दिवशी निकाल लागला असता.

गेलो शहरात, एका मोठ्या दवाखान्यात. नाव सांगत नाही. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं आणि फीनं मोठे. त्यांनी लांबूनच बघितलं, म्हणाले चामखीळ आहे, गुरुवारी या, जाळून टाकू. तोपर्यंत लावायला मलम दिलं. मी भीत भीत म्हटलं, वाढतंय हो ते भराभर. तर मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, गुरांचा डॉक्टर. "मग गुरांचं बघा."

मंडळी, मला त्या वाक्याचा आजही राग येतो. पण अर्धा राग स्वतःचा. हजारो गोचीड ह्या बोटांनी उपटलेला माणूस मी, आणि स्वतःच्या कानामागचा ओळखला नाही! का नाही ओळखला? कारण तो खाजतच नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की किडा चावला म्हणजे खाजणार. ज्या अर्थी खाजत नाही, त्या अर्थी किडा नाही.

बुधवारी रात्री तो आपण होऊन गळून पडला. सकाळी उशीवर बघतो तर एरंडीच्या बीएवढा, करडा, टम्म फुगलेला, आणि सावकाश चालूलालाय. आई म्हणाली, "अरे गोचीड न्हवं काय ते? आणि तू कसला डॉक्टर?" मी त्याला काडेपेटीत घातला आणि गुरुवारी ठरल्या वेळेला शहरात हजर. टेबलावर काडेपेटी उघडली. डॉक्टरांनी बघितलं, चष्मा पुसला, आणि काय म्हणाले असतील?

म्हणाले, "बघा, मलमानं पडला की नाही?"

(हशा) हसा, हसा. त्या दिवशी मी नव्हतो हसलो. फी पण घेतली.

खरी गंमत पुढं आहे. त्यानंतर नोकरीत मला कितीतरी गोचीड चावले. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून असं व्हायला लागलं की गोचीड चिकटला की त्याच दिवशी तिथं चुनचुन, लाली, आणि अशी खाज की झोपेतही हात तिथंच जायचा. हात गेला की गोचीड सापडला, सापडला की काढला. तो कानामागचा पहिला आठवडाभर पोटभर प्याला. नंतरच्या एकालाही तेवढं जेवण मिळालं नाही. माणूस तोच, फक्त कातडी शहाणी झाली होती.

आता गोचीड म्हणजे नेमकं काय करतो ते बघा, म्हणजे कातडी कशानं शहाणी होते ते कळेल. डास येतो, दोन मिनिटांत पिऊन जातो, चोरासारखा. गोचीड भाडेकरूसारखा येतो. गवताच्या शेंड्यावर पुढचे दोन पाय वर करून बसतो, मोर्चात हात वर करतात तसे, आणि त्याच पायांनी आपल्या श्वासाचा वास घेतो. अंगावर आला की जागा शोधत फिरतो, मग कातडीत सोंड रोवतो. तिला उलटे काटे, मासेमारीच्या गळासारखे. पुष्कळ जातींत वरून सिमेंटसारखा चिकट द्रव सोडून ती पक्की बसवतात. आपल्या भाषेत गोचिडासारखा चिकटला म्हणतात ते उगाच नाही. पूर्ण वाढलेली मादी आठ-आठ दहा-दहा दिवस पिते आणि वजनानं शंभर पटीपर्यंत फुगते. एवढं रक्त पोटात मावावं म्हणून त्यातलं जादा पाणी ती लाळेतून परत आपल्याच अंगात सोडते. ताक ढवळून लोणी ठेवून घ्यायचं आणि ताक मालकाला परत द्यायचं, तसला हिशेब.

ती लाळ हेच खरं हत्यार. त्यात रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. आपल्या शरीराचे 'इकडं या, इकडं या' असे रासायनिक निरोप वाटेतच गिळून टाकणारी प्रथिनं असतात. आणि हिस्टामीन, म्हणजे ज्यानं खाज सुटते ते द्रव्य, ते धरून ठेवणारी प्रथिनंही असतात. म्हणजे गोचीड आधी खाज बंद करतो, मग प्यायला बसतो. मंडळी, त्या शहरातल्या डॉक्टरांच्या मलमाचं काम गोचीड फुकटात करतोय! पहिल्या चाव्याला आपण गाफील असतो, त्याचं हेच कारण.

एक उपकथा, मटण खाणाऱ्यांसाठी. हात वर करू नका, सगळेच आहात. अमेरिकेत एका कर्करोगाच्या औषधानं काही रुग्ण पहिल्याच डोसाला जीवघेण्या ॲलर्जीत जात होते, आणि तेही मुख्यतः आग्नेयेकडच्या काही राज्यांत. २००८ साली उलगडा छापून आला. त्या औषधात आल्फा-गॅल नावाची साखर होती, गाईबकऱ्यांच्या मांसात असते आणि माणसात नसते ती. ह्या लोकांच्या रक्तात तिच्याविरुद्धची आयजीई, म्हणजे ॲलर्जी उठवणारी प्रतिपिंडं आधीच तयार होती. पुढं कळलं की ती तयार व्हायला तिथल्या एका गोचिडाचे चावे कारण होते. असा माणूस दुपारी मटण खातो आणि तीन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, काहींचा श्वास अडकतो. प्रतिकार उभारताना शरीर कधीकधी असं भलत्याच दारावर पहारा बसवतं. (एक श्रोता: "म्हंजे रविवार गेला की!") गेला की. म्हणून सांगतो, खाजेचा मी भक्त असलो तरी आंधळा नाही.

आता बैलाची गोष्ट. ही माझी फार आवडती.

खानापूरच्या पूर्वेकडं एका शेतकऱ्यानं मला बोलावलं. एकाच गोठ्यात एक खिल्लार बैल आणि कर्ज काढून घेतलेली एचएफ, म्हणजे विलायती होल्स्टीन गाय. म्हणाला, "डॉक्टर, ह्या बैलाचं काहीतरी करा. नुस्ता चाटूलालाय, खांबाला घासूलालाय, कातडी थरथरवूलालाय. गाय बघा कशी शहाण्यागत उभी हाय." मी बैलाच्या अंगावरून हात फिरवला, कानात बघितलं, शेपटीच्या मुळाशी बघितलं. मोजून सहा-सात गोचीड, तेही खडखडीत वाळके, खपल्यांत अडकलेले. मग शहाण्या गाईची शेपटी वर केली. कास, मांडीची आतली बाजू, मानेखालची पोळी, जिथं हात लावावा तिथं टपोरे, ओळीनं, वांग्याच्या बिया पसराव्यात तसे. मालकाला म्हटलं, औषध बैलाला नको, गाईला पाहिजे. त्याला पटलं नाही. आठ दिवसांनी माणूस पळत आला, "गाय तांबडं मुतूलाली!" तो बबेसिया, रक्तातला परजीवी, गोचिडातूनच येणारा. इंजेक्शन दिलं, गाय वाचली, दूध पार आटलं.

हे त्या एका गोठ्याचं नाही. वशिंडवाली आपली जनावरं गुरांच्या गोचिडाला, तो जो एकाच जनावरावर तीनेक आठवडे काढून खाली दोन-तीन हजार अंडी घालतो त्याला, युरोपच्या जनावरांपेक्षा कितीतरी कमी दाद देतात. जन्मतःच पूर्ण तयार नसतात, चावे खाऊन तयार होतात, पण होतात चटकन आणि पक्की. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात गोचिडांनी विलायती गुरांचा पिच्छा पुरवला, तेव्हा १९३३ साली त्यांनी अमेरिकेतून ब्राह्मन जातीची गुरं आणली. आणि अमेरिकेतली ही ब्राह्मन जात कशातून घडली? आपल्याकडून गेलेल्या गीर, गुजरातची कांकरेजी, नेल्लोर आणि कृष्णाकाठच्या जनावरांतून. कृष्णाकाठची म्हणजे कुठली? अथणी, रायबाग, चिक्कोडी, तिकडं सांगली-मिरज. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली खाज अमेरिकेमार्गे ऑस्ट्रेलियाला पोचली, आणि आपण इथं कर्ज काढून एचएफ बांधूलालोय. एचएफला माझा विरोध नाही, दूध देते. पण तिची शेपटी रोज वर करून बघा, एवढंच.

(चिटणीस चिठ्ठी देतात.) काय? दहा मिनिटं? कणकुंबीची शेवटची गाडी? अरे, मूळ विषयाला तर अजून हातच लावला नाही! बरं, आता भराभर.

१९३९ साल. अमेरिकेत विल्यम ट्रेगर नावाचा शास्त्रज्ञ. पुढं १९७६ साली मलेरियाचा परजीवी प्रयोगशाळेत सतत वाढवून दाखवणारा तोच. त्यानं गिनीपिगांवर गोचिडाची पिल्लं सोडली. पहिल्या खेपेला बहुतेक पोटभर पिऊन पडली. थोड्या दिवसांनी त्याच गिनीपिगांवर नवी पिल्लं सोडली, तर बरीचशी उपाशी मेली, जी प्याली तीही हलकी राहिली. शरीर गोचिडालाच ओळखायला शिकतं, नुसतं त्याच्या रोगाला नव्हे, हे तेव्हा नीट दिसलं.

पण करतंय कोण? १९७० नंतरच्या दशकात त्या चाव्याच्या जागी सूक्ष्मदर्शकाखाली बेसोफिल पेशींची गर्दी दिसली. बेसोफिल ही आपल्या रक्तातली फार दुर्लक्षित पेशी. पॉल एर्लिखनं १८७९ सालीच ओळखलेली, पण पांढऱ्या पेशींत शंभरात एक, तोही असला तर असला. शंभर वर्षं कुणाला कळेना हिचं काम काय. आपल्या ग्रामपंचायतीत असतो की एखादा सदस्य, कधी बोलत नाही, पण मतदानाला नेमका. १९८२ साली गिनीपिगांत बेसोफिल मारणारं सीरम टोचून बघितलं, आणि कमावलेला प्रतिकार उडाला, गोचीड परत मजेत प्यायला लागले. उंदरांत आधी तिच्यासारखीच मास्ट पेशी महत्त्वाची दिसली होती. २०१० साली जपानी संशोधकांनी दाखवलं की उंदरात दोघीही लागतात, एकीचं काम दुसरी करत नाही. त्यांचा गोचीड हिमाफायसॅलिस वंशातला. आपल्या माकडतापाचा गोचीडही त्याच वंशातला, म्हणून मी त्यांचा शोधनिबंध फार जपून वाचला.

क्रम असा. पहिला चावा: लाळ आत जाते, शरीर तिची प्रथिनं ओळखून ठेवतं. आयजीई प्रतिपिंडं तयार होतात आणि बेसोफिल-मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसतात, बंदुकीत गोळी भरावी तशी. स्मरण ठेवणाऱ्या टी-पेशी कातडीत मुक्काम ठोकतात, चावलेल्या जागी आणि लांबच्या कातडीतही. म्हणून पहिला चावा पायाला आणि दुसरा मानेला असला तरी चालतं. दुसरा चावा: लाळ आली रे आली की त्या टी-पेशी इंटरल्यूकिन-तीन नावाचा रासायनिक निरोप सोडून बेसोफिलांना बोलावतात. लाळेतलं प्रथिन आयजीईला लागतं, बेसोफिल फुटतात, हिस्टामीन बाहेर. आता गोचिडाच्या लाळेत हिस्टामीन धरणारी प्रथिनं आहेत खरी, पण एकदम एवढं आलं तर किती धरणार? त्यानं कातडीचा वरचा थर जाड होतो, तिथं लाली येते, सूज येते, आणि खाज. जाड थरातून गोचिडाला पिणं जमत नाही, आणि खाजेमुळं जीभ, खांब किंवा बोट तिथं पोचतं. बैल चाटत होता तो आजार नव्हता, तो ह्या सगळ्या साखळीचा शेवटचा दुवा होता.

सीमाभाग म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. कातडी हा शरीराचा सीमाभाग. आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडलाय, कातडीचा मात्र दुसऱ्या चाव्याला निकाल लागतो. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ जातो.

सगळ्यांनाच हे जमत नाही. अमेरिकेतला पांढऱ्या पायांचा उंदीर तिथल्या गोचिडाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा यजमान, तो कितीही चावे खाल्ले तरी प्रतिकार उभारत नाही. गिनीपिग परका, तो लगेच उभारतो. ह्यावरून म्हणावं तर आपल्या बैलाचं उलटं, तोही जुनाच यजमान. निसर्ग एका नियमानं चालला असता तर मला लवकर बढती मिळाली असती.

लस? दोन वाटा. एक ऑस्ट्रेलियात आणि क्यूबात निघालेली, गुरांच्या गोचिडाच्या आतड्यातलं बीएम-८६ नावाचं प्रथिन वापरून. ते लाळेत येत नाही, म्हणून चाव्यानं शरीर त्याला ओळखत नाही, लसच ओळख करून देते. मग गोचीड रक्त पितो ते त्याच्याच आतड्यावर उलटतं. दुसरी नवी, २०२१ साली येल विद्यापीठातून आली. लाळेतल्या एकोणीस प्रथिनांची एमआरएनए लस, म्हणजे प्रथिनं नाही, ती बनवायची कृती टोचायची; ती गिनीपिगांना टोचली. गोचीड चिकटला की लगेच लाली, आणि गोचीड लवकर गळून पडतात. लाली दिसताच ते उपटले तर लाइम रोगाचे, म्हणजे तिकडं गोचिडातून येणाऱ्या एका रोगाचे जंतूही पोचले नाहीत. म्हणजे काय केलं त्यांनी? खाजेची लस काढली! आपल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार व्हायची. आता तिथं आपण फिरायला आणि मेळाव्याला जातो. पण कातडी बघून लस करायची हे बेळगावला नवीन नव्हतं.

अमेरिकेत जिथं लाइम रोग फार आहे तिथं अशीही नोंद आहे की ज्यांना गोचिडाच्या चाव्यानं वारंवार खाजतं त्यांना तो रोग कमी झाला. लाइमच्या जंतूला गोचिडातून माणसात यायला बहुधा दीड-दोन दिवस लागतात, म्हणून त्याआधी खाजून काढलेला गोचीड...

(एक मावशी उभ्या राहून: "डॉक्टर, मग आमी काजूला जातोय, आमाला गोचीड चावून चावून खाजतंयच की. आमाला माकडताप व्हनार न्हाई न्हवं?")

मावशी, बसा. हे बरं विचारलंत, आणि हे गाडी चुकली तरी सांगतो. नाही. असं समजू नका. माकडताप विषाणूचा. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडं मरायला लागली तेव्हा सापडला, आणि २०१५-१६ पासून इकडं गोव्यातल्या सत्तरीत, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आलाय. त्याचा गोचीड पिल्लू असतानाच चावतो, खसखशीएवढा, दिसत पण नाही. विषाणू लाइमच्या जंतूसारखा दोन दिवस थांबेल असं धरून बसू नका. खाज गोचिडाविरुद्ध आहे, विषाणूविरुद्ध नाही. डिसेंबर ते मे रानात जाताना पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं. रानात जाऊन आल्यावर ताप आला तर तिथं सांगायचं की मी रानात गेलो होतो. विचारत नाहीत, आपण होऊन सांगायचं.

("आनि रॉकेल लावल्यावर सुटतंय न्हवं?")

रॉकेल नको, चटका नको, चुना नको. त्रासला की तो आणखी लाळ ओकतो. बारीक चिमटा घ्यायचा, कातडीला लागून अगदी सोंडेशी धरायचा, पिळायचा नाही, सरळ सावकाश वर ओढायचा. सुटायला वेळ लागतो, घाई नको. मग साबणानं हात धुवायचे. बोटांनी फोडायचा तर मुळीच नाही, ही मी आयुष्यभर केलेली चूक आहे.

हॉर्न वाजला वाटतं. कणकुंबीवाले उठा, उठा, तुमची गाडी थांबणार नाही. बाकीचे बसा, आयजीईचं एक राहिलंय ते सांगतो.